चंडोलाने घातलेली शीळ

माणिकरावांच्या मोसंबीच्या रोपांत आमची मेंढरे शिरली, ही गोष्ट खरी आहे. ती मी कधी नाकारली नाही. वाद एवढाच होता की त्यांना तिकडे नेले कोणी. गावाचे म्हणणे होते, राखणीची पोरगी झोपली आणि मेंढरे आपापली गेली. माझे म्हणणे होते, मी जागी होते आणि मेंढरांना एका चंडोलाने शीळ घालून नेले. त्या गावातला एकही माणूस माझ्या बाजूचा नव्हता, आणि सुरुवातीला आमच्या स्वतःच्या बिऱ्हाडातही कोणी नव्हते. पुढे मी वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य काढले. दुसऱ्यांच्या हकिगती तपासून घेण्याचाच पगार घेतला. ती सवय लागल्यावर मी ही हकिगतही अनेकदा तपासली. तिच्यातला एक शब्द बदलावा असे मला अजून आढळलेले नाही.

आमचे मूळ घर वाटूरच्या बाजूला होते. ज्वारी निघून शेते मोकळी झाली की बिऱ्हाड दोन तट्टांच्या पाठीवर चढायचे आणि काही मुक्काम करत आम्ही कुंभार पिंपळगाव आणि जांब समर्थ यांच्या मधल्या रानांत येऊन राहायचो, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. दिवसभर मेंढरे माळावर चारायची आणि संध्याकाळी कुणा शेतकऱ्याच्या रानात बसवायची. रोज थोडी पुढची जागा, म्हणजे सगळ्या रानाला सारखे खत मिळायचे. त्याबदली शेतकरी ज्वारी द्यायचा, आणि त्या ज्वारीवर आमचे पुढचे निम्मे वर्ष निघायचे. बिऱ्हाडात आम्ही चौघे होतो: आबा, माय, आबांची विधवा बहीण गयाआत्या आणि मी. हाकेच्या अंतरावर आबांचे चुलत भाऊ अण्णा यांचे बिऱ्हाड असायचे. ते वयाने मोठे होते, आणि गावाशी बोलायचे काम त्यांच्याकडे असे. मी तेरा वर्षांची असेन, फार तर चौदा. चौथीपर्यंत शाळेत गेले होते. बाजारातून पुडीला येणारा वर्तमानपत्राचा कागद मी सपाट करून वाचायची, आणि बातमी मध्येच फाटलेली असली की मला दिवसभर चुकल्यासारखे व्हायचे.

आमच्या घराला भिंती नव्हत्या, त्यामुळे त्याच्या सीमा आवाजांनी ठरायच्या. पहाटे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या खुंट्या उपटल्या जात, तो आवाज म्हणजे दिवस. त्या जाळीला आम्ही वाघर म्हणायचो. डालग्याखाली झाकलेली कोकरे आयांना ओळखून ओरडायला लागायची. माय तीन दगडांच्या चुलीवर तवा ठेवायची आणि भाकरी थापताना तिच्या बांगड्या एका ठरावीक लयीत वाजायच्या. ती लय बिघडली की समजायचे, आत्या काहीतरी टोचून बोलली आहे. जेवणात बहुतेक ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. संध्याकाळी ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, वर कच्चा कांदा. शेळीच्या दुधाचा गुळाचा चहा आबांना लागायचा, तो फुटला तरी त्यांना चालायचा. या सगळ्यावर माणिकरावांच्या विहिरीवरचे ऑइल इंजिन दिवसभर धडधडत असायचे. ते बंद पडले की आम्हीच आधी दचकायचो.

आणि आबांची शीळ. प्रत्येक मेंढपाळाची आपली एक शीळ असते. दुसऱ्याच्या शिळेला मेंढरे मान वळवतात, पण पाय उचलत नाहीत. आबांची शीळ आधी दोन तुटक, मग एक लांब, शेवटी खाली उतरत जाणारी. तिचा अर्थ एकच होता: आहे ते सोडा आणि माझ्याकडे या. कळपाच्या पुढे भुरी नावाची मेंढी चालायची. ती निघाली की बाकीची दोनशे मेंढरे काही विचार न करता निघायची. विचार भुरीच करायची, आणि भुरी फक्त त्या शिळेवर करायची.

मला ती शीळ यायची. कुणी शिकवली नव्हती. आमच्यात बाया मेंढरे वळवायच्या त्या हाकेने आणि काठीने. शीळ ही पुरुषांची होती. एकदा लहानपणी ओठ जुळवताना आत्याने पाहिले आणि पाठीत धपाटा घातला.

“पोरीच्या जातीनं शीळ घातली की घरात साप येतो.”

“आपल्याला घर कुठंय, आत्या?”

“म्हनून तं लवकर येतो,” ती म्हणाली.

त्यानंतर मी बिऱ्हाडाजवळ शीळ घातली नाही. माळावर मात्र घालायची. माणिकरावांच्या रानाच्या वर एक मुरमाड पट्टा होता, तरवडाची झुडपे आणि एक बाभूळ. दुपारी मेंढरे बाभळीच्या सावलीत डोकी खुपसून उभी राहायची, तेव्हा मी त्यांच्यापासून लांब, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, तरवडाच्या आडोशाला पडून शीळ घोटायची. बारीक घालायची, मेंढरांना ऐकू जाणार नाही इतकी. आबांचा तो शेवटचा उतार मला कितीतरी दिवस जमत नव्हता.

त्याच तरवडाच्या बुडाशी चंडोलाचे घरटे होते. घरटे म्हणजे काय, ढेकळाच्या आडोशाला बैलाच्या खुराएवढा खळगा, त्यात थोडे गवत, आणि मातीवर राख उडावी तशा ठिपक्यांची तीन अंडी. पक्षी पायाला लागेपर्यंत दिसायचा नाही, इतका मातीच्या रंगाचा. दिसायचा तो त्याचा तुरा. जरा संशय आला की डोक्यावरची पिसे टोकदार उभी राहायची आणि ढेकळाला कान फुटल्यासारखे वाटायचे. मी रोज त्याच जागी पडायची, म्हणून तो मला सरावला. जोडीतला एक, नर असावा, माणिकरावांच्या बांधावरच्या पांढऱ्या दगडावर बसून गायचा. त्याच्या गाण्यात टिटवी होती, साळुंकी होती, चिमणीची कटकट होती. ऐकलेले काही तो टाकून देत नसे. एका दुपारी त्यात दोन तुटक शिळा आल्या. मला वाटले, भास झाला. दुसऱ्या दिवशी दोन तुटक आणि एक लांब. आठवड्याभरात शेवटचा उतारही आला, आणि तो माझ्यापेक्षा साफ होता.

मी कुणाला सांगितले नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी इथे नोंदवते, कारण त्या वेळी कुणी मला तिच्याबद्दल विचारलेच नाही. सांगायचे तर मी शीळ घालते हे सांगावे लागले असते. शिवाय मला त्याचा गर्व वाटत होता. आबांची शीळ जगात तिघांना यायची, आणि त्यातला एक माझा विद्यार्थी होता.

माणिकराव वाईट गृहस्थ नव्हते, हेही लिहून ठेवते. त्यांनी आम्हाला विहिरीचे पाणी कधी तोडले नाही. त्यांच्या घरून मायला लोणच्याची वाटी यायची. त्या शिवारात मोसंबीचा नाद पहिल्यांदा त्यांनी केला होता. लोक हसले होते. माळाच्या खालच्या अंगाला लावलेली ती रोपे गुडघ्याच्या वर आली होती, आणि उन्हाळ्यात त्यांना घागरीने पाणी घालताना मी माणिकरावांना स्वतः पाहिले होते. प्रत्येक रोपाभोवती बाभळीचे काटे लावलेले असायचे. त्या दिवशी आळी खणायची म्हणून काटे काढून बांधाला रचले होते.

ऊन कलले होते. मेंढरे बाभळीखालून निघून पट्ट्यावर पसरली होती. एक कोकरू मागचा पाय उचलून चालत होते, म्हणून मी त्याला मांडीत उलटे धरले आणि बाभळीच्या काट्याने त्याच्या खुरातला काटा उकरत बसले. शीळ आली. मी मान वर न करता समजले की आबा आले. काटा निम्मा बाहेर आला होता, तो निघेपर्यंत मी वर पाहिले नाही. मग पाहिले. आबा नव्हते. पांढऱ्या दगडावर चंडोल होता, तुरा उभा, आणि त्याने पुन्हा शीळ घातली. भुरी त्या दगडापासून दहा पावलांवर पोचली होती. मी कोकरू टाकून धावले. चंडोल उडाला, भुरी बांधावर चढली, तिला पलीकडे हिरवे दिसले. त्यानंतर तिला शिळेची गरज उरली नाही. मी आणि माणिकरावांचा सालगडी विठोबा, दोघांनी मिळून मेंढरे बाहेर काढली, तोवर वरच्या चार ओळींत काड्या राहिल्या होत्या.

विठोबाने मालकाला सांगितले की पोरगी बाभळीखाली मान खाली घालून बसली होती, हलत नव्हती, म्हणजे झोपली होती. त्याने पाहिले ते बरोबर होते. त्यावरून त्याने जे अनुमान काढले ते चूक होते. पुढे डेस्कवर नवखे वार्ताहर माझ्या हाताखाली आले, तेव्हा पाहिलेले आणि काढलेले यांतला फरक मी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. मात्र हेही खरे की माझ्या या हकिगतीला दुसरा साक्षीदार नाही, आणि एकमेव साक्षीदार स्वतःच आरोपी आहे. अशी बातमी दुसऱ्या कुणी आणली असती तर मी ती परत केली असती. एकदा कामानिमित्त मी सह्याद्रीच्या दाट जंगलात गेले होते. तिथल्या वाटाड्याने एका फांदीवरचा शिपाई बुलबुल दाखवला. काळा तुरा, गालावर लाल ठिपका, आवाज पाण्यासारखा. बरोबरचे सगळे बघत राहिले. मी वाटाड्याला विचारले, आमच्या उघड्या माळावरचा तुरेवाला चंडोल माणसाची शीळ उचलतो का. तो म्हणाला, चंडोल दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करतो हे माहीत आहे. माणसाची शीळ त्याने स्वतः ऐकलेली नाही. मी मान डोलावली. ऐकले नाही तर ऐकले नाही म्हणावे. मी ऐकली आहे, म्हणून मी ऐकली म्हणते.

त्या संध्याकाळी अण्णा आमच्या चुलीपाशी येऊन बसले. मायने त्यांच्यापुढे कण्यांचे ताट ठेवले. त्यांनी ते बाजूला सरकवले. दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी विहिरीवर बोलावले होते. तिथे आणखी चार शेतकरी येणार होते, आणि उन्हाळा संपेपर्यंत आमची मेंढरे ज्यांच्या ज्यांच्या रानात बसायची होती ते हेच चौघे. एकाने नको म्हटले की चौघांनी नको म्हटल्यासारखे होते.

“सोजर,” अण्णा मला म्हणाले, “उद्या एवढंच म्हनायचं. डोळा लागला, चुकी झाली. माणिकरावदादांच्या पाया पडायचं. किस्सा खतम.”

“डोळा न्हाई लागला.”

“न्हाई लागला तरी लागला म्हनायचं. झोप कोनाला येत न्हाई? देवाला बी येती. त्याच्यात काय इज्जत जाती?”

“मंग उठवलं कोनी मला?”

“बघा, बघा!” आत्या म्हणाली. “मी रोज सांगून राह्यले, हिची जीभ हिच्या उंचीच्या म्होरं चालली. आन् ते चंडोलाचं उद्या तोंडातून काढू नको. येडी म्हनतील. येडीला कोन करून घेतंय?”

“येडी म्हनू दे.”

“झोपाळू म्हनलेलं खपतं. झोपाळूचं लगीन होतं. मी न्हाई का, समदा जलम झोपले,” आत्या म्हणाली, आणि माय इतक्या वाईट वेळीही पदराआड हसली.

आबा काही बोलले नाहीत. कण्या खाल्ल्या, ताट धुतले, वाघरीच्या खुंट्या तपासायला गेले. आमच्यात जो सगळ्यात कमी बोलायचा त्याचेच शेवटी ऐकावे लागायचे, म्हणून त्यांच्या गप्प बसण्याची मला भीती वाटली.

सकाळी इंजिन बंद ठेवले होते. माणिकराव इंजिनाच्या खोलीच्या ओट्यावर बसले होते, चौघे शेतकरी चिंचेखाली, विठोबा जरा लांब उभा. आमच्याकडून अण्णा, आबा, आत्या आणि मी. माय बिऱ्हाडापाशी थांबली. मेंढरे अजून सोडली नव्हती. दोन रानांच्या पलीकडे वाघरीत दिसत होती.

“खंडू,” माणिकराव आबांना म्हणाले, “रोपं तू बघितलीस. त्याच्यावर मला बोलायचं न्हाई. मला पोरीकडून ऐकायचंय.” मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाले, “ये पोरी, भिऊ नको. डोळा लागला म्हन. मी बी लेकीचा बाप हाय. विषय इथंच संपला.”

यापेक्षा सोपी सुटका मला पुन्हा आयुष्यात कुणी देऊ केली नाही.

“डोळा लागला नव्हता, दादा.”

“मंग?”

“कोकराच्या पायातला काटा काढून राह्यले होते. तेवढ्यात चंडोलानं शीळ घातली. भुरी त्याच्याकडं गेली, भुरीमागं समदी गेली.”

चिंचेखालच्या एकाने विचारले, “चंडोलाच्या हातात काठी बी असल की गं?”

“खांद्यावर घोंगडं बी असल,” दुसरा म्हणाला. “दादा, विठोबाला काढा आन् चंडोलालाच ठिवा सालानं. भाकर बी कमी खाईल.”

विठोबासकट सगळे हसले. माणिकराव हसले नाहीत. त्यांनी जो प्रश्न विचारला तो नेमका होता. वार्ताहर म्हणून मी त्याला दाद देते.

“चंडोलाला खंडूची शीळ कुठून आली?”

इथेही वाट होती. आबांकडून ऐकली असेल, म्हटले असते तर चालले असते. आबांची शीळ रानभर ऐकू जायची. पण आबा त्या पट्ट्यावर कधी चारायला गेले नव्हते, आणि हे मला माहीत होते.

“माझ्याकडून,” मी म्हणाले. “मी घालते. त्या तरवडापाशी पडून रोज घालायची. त्यानं उचलली.”

आत्याने “बया, बया, बया” म्हणत पदर तोंडाला लावला. अण्णांनी जमिनीकडे पाहिले. काठीचा विनोद करणारा शेतकरी म्हणाला, “बाईमानूस शीळ घालतं व्हय?”

“घालतं. दाखवू?”

मी ओठ जुळवले आणि शीळ घातली. बारीक नाही, आबांसारखी, पूर्ण. दोन तुटक, एक लांब, आणि तो उतार, जो मला तोवर क्वचित साधायचा, त्या सकाळी साधला. दोन रानांपलीकडे वाघरीत बसलेली मेंढरे एका दमात उठली. भुरी पुढे येऊन जाळीला भिडली, मागून बाकीच्यांनी रेटा दिला, आणि वाघरीची एक बाजू आमच्या दिशेने फुगलेली सगळ्यांनी पाहिली.

मला वाटले, सिद्ध झाले. त्यांनाही तसेच वाटले, फक्त उलट.

“झालं,” चिंचेखालचा एक जण गुडघ्यावर हात मारून म्हणाला. “कबूल झाली. बिलकुल साफ. हिनंच बोलावली.”

“म्हंजे तूच बोलावलीस,” माणिकराव म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली नव्हता. “झोपेची चुकी मी पोटात घातली असती. आमची रोपं तू शीळ घालून खाऊ घातलीस, आन् वरून पाखरावर घालून राह्यलीस?”

“आज बोलावली. काल न्हाई बोलावली.”

“पाया पड आन् म्हन, खोटं बोलले.”

“न्हाई म्हननार.”

अण्णांनी माझा दंड धरला. आत्या रडायला लागली होती, आणि ते रडणे खोटे नव्हते. पुढच्या निम्म्या वर्षाची ज्वारी आणि माझे लग्न, दोन्ही तिला एकदम जाताना दिसत होते. मी त्या चंडोलाकडे पाहिले का, असे मला कुणी विचारले तर, हो, पाहिले. दगड रिकामा होता. त्याने त्या सकाळी कसलाच आवाज केला नाही, आणि मी त्याच्याकडून तशी अपेक्षाही आता ठेवत नाही. साक्ष देणे हे त्याचे काम नव्हते.

मग आबा पहिल्यांदा बोलले. माणिकरावांशी नाही, माझ्याशी.

“काल घातली होती का?”

“न्हाई.”

“घरटं कुठंय?”

“धुऱ्याच्या बांधापासून सहा पावलं. तरवडाच्या बुडाला.”

ते उठले, बांध चढून पट्ट्यावर गेले, तरवडापाशी वाकले, काही वेळ तसेच वाकून राहिले. सगळे त्यांच्याकडे पाहत बसले होते. परत येऊन ते बसले नाहीत, उभ्यानेच बोलले.

“दादा, मेंढरं माझी. रोपं माझ्या मेंढरांनी खाल्ली. ते बराबर. समदं रान फुकट बसवून देतो, जितके दिवस म्हनाल तितके दिवस. ज्वारीचा दाना नको. रोपांना पानी बी मी घालतो.”

“ते मी मागितलं न्हाई,” माणिकराव म्हणाले. “पोरीनं खोटं कबूल करावं, एवढंच मागतो. ह्या चार मानसांम्होरं.”

“ती खोटं बोलली हे मला मान्य न्हाई.”

“पाखरू शीळ घालतं हे तुला मान्य हाय?”

आबांनी पट्ट्याकडे पाहिले. “मी ऐकली न्हाई,” ते म्हणाले. “पोरीनं ऐकली.”

“खंडू, समजून बोल. मंग माझ्या रानातून वाघर उचलावी लागल.”

“उचलतो.”

चिंचेखालच्या चौघांपैकी कुणीही आपल्या रानात बोलावले नाही. अण्णा मागे राहिले. त्यांनी राहायलाच हवे होते, त्यांच्याकडे सहा खाणारी तोंडे होती, आणि त्यासाठी मी त्यांना कधी दोष दिला नाही. मायने तवा गरम होता तसाच कापडात गुंडाळला. दुपारच्या आत दोन्ही तट्टे लादली गेली, कोकरे डालग्यात बसली, आणि आम्ही कुंभार पिंपळगावच्या वाटेला लागलो. पुढे कुठे, हे आबांनाही माहीत नव्हते. एरवी मुक्काम हलताना आबा पुढे होऊन शीळ घालायचे आणि कळप रस्त्याला लागायचा. त्या दिवशी त्यांनी शीळ घातली नाही. काठीने, हाताने, भुरीला मानेला धरून त्यांनी मेंढरे चालवली. मला वाटले, ते माझ्यावर रागावले आहेत. आत्याही तसेच म्हणाली. ती मला दर दहा पावलांना तसे म्हणत होती.

पिंपळगावात आठवडी बाजार होता, हे आमच्या ध्यानात गावाच्या तोंडाशी आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाले, मिरचीची पोती, बैलगाड्या, मडकी. मेंढरांनी माणसे पाहिली आणि ती जागीच गोळा होऊन उभी राहिली. भुरीही हलेना. मागून एक मोटार येऊन थांबली, पुढून गाड्या, आणि थोड्याच वेळात रस्ता बंद झाला. लोक ओरडायला लागले. “धनगरा, जल्दी कर!” “मेंढरं इकायला आनलीत का बसवायला?” विहिरीवरची हकिगत आमच्या आधी बाजारात पोचली होती, कारण कुणीतरी म्हणाले, “हीच का शीळवाली पोरगी?” आणि माणसे ओट्यांवर चढून बघायला लागली. मी काठी दोन्ही हातांनी धरून कळपाच्या मागे उभी होते.

“सोजर,” आबांनी पुढून हाक मारली. “म्होरं ये.”

मी मेंढरांतून वाट काढत पुढे गेले. ते भुरीच्या शेजारी उभे होते.

“ती शीळ आता आपली राह्यली न्हाई,” ते म्हणाले. “त्या माळावर चंडोलानं घातली की मेंढरं त्याच्यामागं जातील. दुसरी पाह्यजे.”

एवढेच म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवला असे त्यांनी त्या दिवशी वेगळे सांगितले नाही आणि नंतरही कधी सांगितले नाही. त्यांनी ओठ जुळवले आणि एक शीळ घातली, जी मी कधी ऐकली नव्हती: खालून वर चढणारी एक लांब, मग तीन तुटक.

“आता तू घाल.”

“आबा, इथं?”

“खंड्या!” मागून आत्या ओरडली. “अरे, बाजार हाय! समदा मुलूख बघून राह्यलाय!”

“बघू दे,” आबा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली. “घाल.”

मी घातली. पहिली चढण थरथरली, तीन तुटकांतला एक निसटला, आणि ओट्यांवर कुणीतरी मोठ्याने हसले. मेंढरांनी कान हलवले. पाय हलवले नाहीत. शीळ त्यांना नवी होती. मोटारवाल्याने भोंगा दाबून धरला होता, मिरचीच्या पोत्यांमागून एक म्हातारी माझी लाज काढत शिव्या देत होती, आणि आबा त्यातले काही ऐकू येत नसल्यासारखे माझ्या ओठांकडे बघत होते.

“पुन्हा,” ते म्हणाले.

मी पुन्हा घातली.